उंबऱ्याबाहेरच्या चपला

पाळणाघरात येणाऱ्या मुलांनी पायांतल्या चपला कोठे काढाव्यात, हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे, असे आमचे कित्येक वाचक म्हणतील. अर्थसंकल्प, धरणे आणि निवडणुका यांच्या चर्चेसाठी राखलेल्या या स्तंभात चिमुकल्या वहाणांना जागा देण्याचे प्रयोजन काय, ही त्यांची पृच्छा अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. तथापि ज्या घरात दुसऱ्यांची आठ-दहा मुले दिवसभर विश्वासाने सोपवली जातात, त्या घराचा पहिला नियम उंबऱ्यावरच सुरू होतो आणि तो बहुधा पादत्राणांचाच असतो. मूल धड बोलू लागण्यापूर्वी हा नियम त्याला कळतो. कोणी त्याला मांडीवर घेऊन चप्पल काढावयास शिकवते, कोणी दंडाला हिसडा देऊन. कोणाची चप्पल फळीवर राहते, कोणाची गटाराच्या कडेला पडते. या एवढ्याशा गोष्टीत मुलाचे आरोग्य असते, घरधनिणीची सोय असते, आणि ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही, ती त्या मुलाची पतही असते.

हा विषय आम्ही आमच्या किनाऱ्यावरून न मांडता बीदर आणि कलबुर्गी या कर्नाटकाच्या सीमावर्ती जिल्ह्यांच्या आधाराने मांडीत आहोत, त्यास कारणे आहेत. १९५६ साली हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. रेघ नकाशावर पडली. उदगीरहून भालकीकडे, उमरग्याहून बसवकल्याणकडे, अक्कलकोटहून आळंदकडे होणारी सोयरीक काही तिने थांबली नाही. (हे आळंद म्हणजे ज्ञानोबांची आळंदी नव्हे, ही चूक आमच्याकडे वारंवार होते.) तिकडच्या घरांत मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू एकाच ओसरीवर नांदतात. कर्नाटक सरकारने २०२३ साली रोजगार हमीच्या कामांवर जाणाऱ्या महिलांच्या मुलांसाठी चार हजार ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’ म्हणजे बाळांचे घर उघडण्याचे जाहीर केले, तेव्हापासून परक्याची मुले सांभाळण्याचा विचार खेड्यांपर्यंत पोहोचला. सरकारी घर असो वा बीदर-कलबुर्गीच्या गल्लीत कोण्या गृहिणीने पोटापाण्यासाठी आपल्याच दोन खोल्यांत चालवलेले पाळणाघर असो, उंबऱ्यावरचा प्रश्न एकच.

आमच्या किनाऱ्याचे त्या भूमीशी एक मूक नातेही आहे. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत ज्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांनी आमची घरे उभी राहिली, त्याच जांभ्याच्या पठारावर बीदर शहर वसले आहे. तेथील किल्ल्याचे तिपेडी खंदक त्याच तांबड्या खडकात खोदलेले आहेत. आणि आमच्या घरांच्या पडव्यांत, तुळशीवृंदावनाभोवती, मोऱ्यांत जी करडी फरशी पिढ्यान्‌पिढ्या बसवली गेली, ती ‘शहाबादी’ ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तेव्हा कोकणातले मूल अनवाणी चालावयास शिकते ते पुष्कळदा कलबुर्गीच्या दगडावर, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

या फरशीचाच विचार प्रथम करू. हा चुनखडीचा दगड सावलीत कमालीचा थंड असतो. उन्हाळ्यात दुपारी त्याच्यावर उघडे अंग टाकण्याचे सुख ज्यांनी अनुभवले आहे त्यांस ते सांगावयास नको. परंतु उन्हात तोच दगड तव्यासारखा तापतो. कलबुर्गीचा पारा वैशाखात चाळीस अंशांच्या कितीतरी वर चढतो. अशा वेळी ढेळजेतून अंगणात धावत गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या तळपायाचे काय होत असेल, याची कल्पना चपला घालून वावरणाऱ्या मोठ्या माणसांस सहसा येत नाही. मुलाचा तळवा पातळ असतो आणि चटका बसल्यावर पळावे कोणीकडे हेही त्याला सुचत नाही. पुष्कळदा ते जागच्या जागी उभे राहून रडते. शिवाय चपला उन्हात काढून ठेवल्या तर त्या रबरी असल्याने त्याही पोळतात. म्हणून चपला घराबाहेर काढाव्यात हा नियम करणाऱ्या बाईने त्याबरोबरच त्या सावलीत राहतील, अशीही व्यवस्था केली पाहिजे. नियमाचा पहिला अर्धा भाग सर्वांस ठाऊक असतो. दुसऱ्या अर्ध्याचे स्मरण मुलाचा पाय भाजल्यावर होते.

घरात मुलांनी अनवाणी राहावे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आणि त्यास केवळ परंपरेचा आधार आहे असेही नाही. मणिपाळच्या कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालयातील राव आणि जोसेफ या अस्थिवैद्यांनी १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार ते तेरा वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे त्यांनी तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण शेकडा ८.६ आढळले, तर अनवाणी वाढलेल्या मुलांत ते शेकडा २.८ होते. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत हा दोष सर्वांत जास्त, चपला-सँडल घालणाऱ्यांत त्याहून कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी. लहानपणी पाय बुटांत कोंडल्याने तळव्याची नैसर्गिक कमान नीट घडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा अभ्यास दूरदेशी झालेला नव्हे. आमच्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला झालेला आहे. तेव्हा पाळणाघरात येणाऱ्या दोन वर्षांच्या बाळाच्या पायांत दिवसभर चामडी बूट आणि मोजे असावेत, असा जो एक नवा आग्रह शहरांतील पालकांत दिसतो, तो शास्त्राला धरून नाही. बूट ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. मुलाच्या पावलाला त्या प्रतिष्ठेशी कर्तव्य नसते.

परंतु अनवाणीपणाची थोरवी गाताना उंबऱ्याच्या आतले आणि बाहेरचे यांतील भेद विसरून चालणार नाही. अंकुशकृमी नावाचा जो जंत आहे, त्याची सूक्ष्म अळी मातीतून माणसाच्या उघड्या पायाच्या कातडीत शिरते, रक्तातून हिंडत आतड्यांत पोहोचते आणि तेथे रक्त पिऊन राहते. मूल फिकट पडते, मलूल होते, आणि घरचे लोक त्याच्या खाण्याला दोष देत बसतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाचा एवढा सुळसुळाट होता की, १९०९ साली रॉकफेलर यांच्या देणगीतून त्याच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करावे लागले; शौचकूप बांधा आणि पायांत जोडे घाला, हा त्या मोहिमेचा उपदेश होता. या अळीला ओलसर, सावलीची, वाळूमिश्रित जमीन मानवते. म्हणजे बीदर-कलबुर्गीच्या कोरड्या काळ्या रानापेक्षा आमच्या माडांच्या आणि पोफळींच्या बागा तिला अधिक सोयीच्या, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. केंद्र सरकारने २०१५ सालापासून जंतनाशक गोळीचा राष्ट्रीय दिन सुरू केला आणि एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेन्डाझोल देण्याची व्यवस्था केली, ती उत्तमच होय. पण गोळी पोटातला जंत मारते. मातीतून पुन्हा शिरणाऱ्याला तिचा अटकाव नाही. म्हणून संडासाकडे जाताना मुलाच्या पायांत चप्पल असलीच पाहिजे, आणि ती त्याच्या मापाची असली पाहिजे. मोठ्या माणसाच्या चपलेत पाय घालून ओल्या फरशीवरून फरफटत जाणारे मूल किती वेळा पडते हे प्रत्येक आईला माहीत आहे, तरीही संडासाच्या दाराशी ठेवलेला जोड बहुतेक घरांत मोठ्या मापाचाच असतो.

याच चपलेची दुसरी बाजू अशी की, बाहेरची घाण ती आपल्या तळाला घेऊन आत येते. गोल जंताची अंडी पायातून शिरत नाहीत, तोंडातून जातात. आणि रांगणारे मूल ज्या जमिनीवर हात टेकते तोच हात तोंडात घालते. कलबुर्गी हा तुरीचा मुलूख आहे. तेथील तुरीच्या डाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फवारणी झालेल्या रानातून थेट आलेल्या आईबापांच्या वहाणा जर बाळ रांगते त्या खोलीपर्यंत येऊ लागल्या, तर काय काय आत येईल ते निराळे सांगण्याची गरज नाही. मुलांना नियम आणि मोठ्यांना मोकळीक, हा प्रकार येथे विशेषच घातक होय.

विंचवाचेही भय आहेच. जांभ्याच्या कपारींत, दगडी कुंपणांत आणि रात्री बाहेर राहिलेल्या जोड्यांत तो दबा धरून बसतो. विंचूदंशाने मुले हकनाक मरत असत. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८०च्या दशकात जगापुढे मांडला, तेव्हापासून हे मृत्यू पुष्कळ कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध सापडले म्हणून जोडा झटकून घालण्याची सवय सोडावी असे नाही. चप्पल पायांत घालण्यापूर्वी उलटी करून आपटावयाची, हे मुलांना खेळासारखे शिकवता येते आणि त्या आवाजाची त्यांना गंमतही वाटते.

येथवर आम्ही आरोग्याविषयी लिहिले. पण बीदर जिल्ह्यात पादत्राणांचा प्रश्न केवळ आरोग्याचा राहू शकत नाही. तो त्या मातीतच निराळ्या अर्थाने रुजलेला आहे.

बाराव्या शतकात आजच्या बसवकल्याणी, म्हणजे तेव्हाच्या कल्याण नगरीत, महात्मा बसवेश्वरांभोवती जो शरणांचा मेळा जमला, त्यात हरळय्या नावाचे चर्मकार होते. परंपरेने जपलेली कथा अशी की, हरळय्यांनी एकदा वाटेत बसवण्णांना ‘शरणु’ म्हणून वंदन केले. बसवण्णांनी त्याच्या उत्तरी ‘शरणु शरणार्थी’ असे दुहेरी वंदन केले. एवढ्या मोठ्या पुरुषाने आपल्याला आपल्यापेक्षा एक वंदन अधिक केले, हे ऋण फेडावे कसे, या विचाराने हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपापल्या मांडीचे कातडे काढून त्याच्या वहाणा शिवल्या आणि बसवण्णांस अर्पण केल्या. बसवण्णांनी त्या पायांत घातल्या नाहीत, मस्तकी धरल्या. पुढे याच हरळय्यांच्या मुलाचा विवाह मधुवरस या ब्राह्मण शरणाच्या कन्येशी झाला आणि त्या अपराधाबद्दल राजा बिज्जळाने दोन्ही व्याह्यांना देहान्ताची शिक्षा दिली. कल्याणची क्रांती रक्तात बुडाली ती या लग्नावरून. बसवकल्याणात हरळय्यांची गुंफा आजही दाखवतात. कर्नाटक सरकारने २०१९ साली या साऱ्या विभागाचे ‘हैदराबाद-कर्नाटक’ हे नाव बदलून ‘कल्याण कर्नाटक’ असे ठेवले, ते याच कल्याणच्या स्मरणाने.

कथेतील चमत्कृतीचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण ज्या समाजात चामडे कमावणारा हात अपवित्र मानला गेला आणि त्या हाताने शिवलेली वहाण मात्र खुशाल वापरली गेली, त्या समाजाच्या मर्मावरच ही कथा बोट ठेवते. पादत्राण हे आमच्याकडे केवळ पायांचे रक्षण करणारे साधन कधीच नव्हते. कोणी ते घालावे, कोणी हातात धरावे, कोणाच्या दारावरून जाताना कोणी अनवाणी व्हावे, हे जातीने ठरवलेले होते. दख्खनच्या खेड्यांतही होते आणि आमच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांतही होते. हे सारे इतिहासजमा झाले असे ज्यांस वाटते त्यांनी संसदेने २०१५ साली अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात केलेली दुरुस्ती वाचावी. सार्वजनिक जागी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल वा मोटारसायकलीवर बसण्यास, लग्नाची वरात काढण्यास प्रतिबंध करणे हा त्यात गुन्हा म्हणून नमूद करावा लागला. स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षांनी चप्पल घालण्याचा हक्क कायद्याच्या कलमात लिहावा लागावा, ही आम्हांस मान खाली घालावयास लावणारी गोष्ट वाटते.

त्याच बीदर शहरात नानक झिरा हा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांच्या पंचप्यारांपैकी भाई साहिबसिंग हे बीदरचे नाभिक, असे शीख परंपरा सांगते. गुरुद्वारांत येणाऱ्यांचे जोडे सांभाळणे, पुसून ठेवणे ही सेवा मानली जाते आणि सधन घरांतील माणसेही ती आनंदाने करतात. दुसऱ्याच्या जोड्याला हात लावणे हे हलके काम, हा आमचा समज तेथे आपोआप गळून पडतो. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर मंदिरात आणि बंदेनवाज यांच्या दर्ग्यातही भाविक जोडे बाहेरच काढतात. तेव्हा उंबऱ्याबाहेर चप्पल काढणे ही कोणा एका धर्माची रीत नव्हे. तिकडची सर्व मुले ती आपापल्या घरून शिकूनच आलेली असतात. पाळणाघराला फार तर तिला वळण द्यावयाचे असते.

पायांच्या शुचितेचे संस्कार आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांस कोणी शिकवावयास नकोत. पालगडच्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये सांगितलेला प्रसंग प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. न्हाऊन आलेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई दगडावर आपले लुगडे पसरते, आणि मनालाही घाण लागू न देण्याविषयी त्याला सांगते. आम्ही त्या प्रसंगाचा पूर्वार्ध मन लावून पाळला आणि घरोघर पायपुसणी आली. उत्तरार्धाचा अर्थ स्वतः गुरुजींनी १९४७ साली पंढरपुरी प्राण पणाला लावून समजावून दिला, जेव्हा विठ्ठलाच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी उपोषण केले. पाय स्वच्छ असावेत हा हट्ट, आणि कोणाचा पाय उंबरा ओलांडतो यावरून विटाळ मानू नये हाही हट्ट; एकाच माणसाच्या ठायी हे दोन्ही होते.

आता आपण पाळणाघराच्या दाराशी येऊ. मुले सांभाळणाऱ्या बाईने नियम करावा की ‘चपला घालूनच यावे’, की असा करावा की ‘चपला बाहेर काढाव्यात’? दोन्ही वरवर निरुपद्रवी दिसतात. पण पहिल्या नियमाने ज्याच्या घरी चप्पल घेण्याची ऐपत नाही ते मूल दारातच वेगळे पडते. दुसऱ्या नियमाने आत येताच सगळी अनवाणी, म्हणजे सगळी सारखी होतात. आमचा कौल निःसंशय दुसऱ्याला आहे. संडासाला आणि अंगणात जाण्यासाठी चप्पल लागते, ती मात्र घरानेच ठेवावी. मुलांच्या मापाचे चार-सहा रबरी जोड, रोज धुऊन वाळवलेले. एकमेकांच्या ओल्या चपला घातल्याने बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणून धुण्या-वाळवण्याचा भाग टाळता येणार नाही. ज्या मुलाला स्वतःची चप्पल नाही त्याला घरी जाताना त्यांतलाच एक जोड कायमचा मिळाला, आणि त्याचा गाजावाजा झाला नाही, तर ते अधिकच बरे.

आत येताना पाय धुवावेत ही आमच्याकडची रीत तिकडेही आहे. ती सर्वांनी पाळावी. घरमालकिणीच्या मुलाने, शेजारच्या पाटलांच्या नातवाने, आणि तपासणीस आलेल्या पर्यवेक्षिका बाईंनीही. साहेब बुटांसकट आत आले आणि मुलांना मात्र दटावून बाहेर पाठवले, असे एकदा जरी घडले तरी मुले नियम विसरतात आणि साहेब लक्षात ठेवतात. त्याहून नाजूक गोष्ट पुढची. सर्वांच्या चपला बाहेर आणि काही मुले मात्र ओसरीपर्यंतच, असे जर कोठे होत असेल, तर तो स्वच्छतेचा नियम राहत नाही. देवघराचे आणि स्वयंपाकघराचे सोवळे कोणी पाळीत असेल तर ते तिने सर्व मुलांच्या बाबतीत सारखे पाळावे. आतल्या खोलीत कोणत्या मुलाला घ्यावयाचे हे आडनाव पाहून ठरत असेल, तर दाराशी ठेवलेले पायपुसणे कितीही स्वच्छ असले तरी त्याचा काय उपयोग?

चपला ठेवण्याची फळी मुलाच्या हाताला पोहोचेल एवढ्या उंचीवर, सावलीत, आणि पावसाचा ओघळ येणार नाही अशी असावी. तीवर नावे लिहिण्यात अर्थ नाही, कारण वाचता येत नाही, आणि बीदरसारख्या ठिकाणी कोणत्या लिपीत लिहावयाचे हाही प्रश्नच. प्रत्येक मुलासाठी एकेक चित्र, मोर, आंबा, बैल, काढावे. मूल दोन दिवसांत आपली जागा ओळखते. आणि भाषेची चिंता नसावी. मराठीत चप्पल, उर्दूत चप्पल, कन्नडात चप्पलि, तेलुगूत चेप्पुलु. महाजन आयोगाला निदान या शब्दाचा निवाडा करावा लागला नसता. डावे-उजवे ओळखण्यासाठी दोन्ही चपलांच्या आत अर्धे-अर्धे फुलपाखरू काढावे, जोड नीट जुळला की फुलपाखरू पुरे होते. ही युक्ती पुष्कळ बालशिक्षिका वापरतात.

असल्या गोष्टींना शिक्षण म्हणावे काय, असे कोणी विचारील. मादाम मॉन्टेसरींनी गुंड्या, पट्टे, नाड्या लावण्याच्या चौकटी मुलांच्या हाती दिल्या त्या काही खेळ म्हणून नव्हेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला तेच शिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला, आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर पोहोचवला. त्या मूळ अंगणात उंबराच नव्हता, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. अंगण मुलांचे होते, पाहुण्या होत्या त्या बाई. आज मूल परक्याच्या घरी जाते, तेव्हा हे नाते उलटे झाले आहे, आणि म्हणून पाहुण्याचा मान राखण्याची जबाबदारी घराकडे येते.

स्वतःची चप्पल काढावयास मूल दीड-दोन वर्षांत शिकते, घालावयास तिसऱ्या वर्षाच्या आगेमागे, आणि बुटाची नाडी बांधावयास पाच-सहा वर्षे लागतात. तेव्हा पाळणाघराच्या वयाला नाडीचे बूट आणणाऱ्या पालकांनी बाईंचा रोजचा अर्धा तास आपण खर्ची घालीत आहोत हे जाणावे. आठ मुले, सोळा बूट, आणि बाई एकटी. तिच्या नियमात क्वचित करडेपणा येत असेल तर त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. तुटपुंज्या मोबदल्यात स्वतःचा संसार सांभाळून ती दुसऱ्यांची मुले सांभाळते. तिने केर किती वेळा काढावा आणि फरशी किती वेळा पुसावी यालाही सीमा आहे. पालकांनी पट्ट्याची, सहज निघणारी चप्पल आणली आणि मुलाला आणतेवेळी स्वतःचे जोडे बाहेर काढले, तर निम्मे काम झाले.

एका गोष्टीला मात्र आमची कसलीच सवलत नाही. मराठीत जोडे मारणे, पायतणाने बडवणे या शब्दांत जो अपमान आहे तो दुसऱ्या कोणत्याही माराच्या शब्दांत नाही. म्हणून पाळणाघरात चप्पल उगारून मुलाला भिववणे, चप्पल डोक्यावर धरून उभे करणे, किंवा चपला काढून घेऊन उन्हात उभे ठेवणे या शिक्षा चालता कामा नयेत. बाकीचे नियम चुकले तर सुधारता येतील.

हे सारे तिकडचे, आमचा काय संबंध, असे म्हणण्याची सोय आमच्या वाचकांस नाही. कलबुर्गी-विजापूरकडची कुटुंबे गोव्यातील आणि कोकणपट्टीतील बांधकामांवर राबावयास येतात, त्यांची मुले आमच्या डोळ्यांसमोर वाढत आहेत. बांधकाम कामगारांच्या १९९६च्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले होते; पण बहुतेक कामांवर स्त्रिया असतात दहा-पंधरा, आणि पाळणाघर म्हणजे ताडपत्रीखाली बसवलेली आठ वर्षांची थोरली बहीण. तेथे उंबरा नाही, फळी नाही, पाय धुवावयास पाणी मिळाले तर मिळाले. धाकटी भावंडे खिळे, लोखंडी सळ्यांचे तुकडे आणि ओले सिमेंट यांतून अनवाणी हिंडतात. ओले सिमेंट कातडीला भाजते, हे त्या थोरल्या बहिणीला कोणी सांगितलेले नसते. ज्या ठेकेदाराला पन्नासाचा आकडा लागू होत नाही त्यालाही मुलांच्या मापाच्या दहा-बारा रबरी चपला, एक पाण्याची कोठी आणि मुले सांभाळावयास मजुरांपैकीच एका बाईची रोजची पूर्ण मजुरी परवडू नये, एवढी काही आमच्या किनाऱ्यावरच्या सदनिकांची किंमत कमी राहिलेली नाही. नगरपालिका आणि पंचायती बांधकामाचा परवाना देताना खड्ड्यांच्या, पाण्याच्या, कचऱ्याच्या अटी घालतातच. त्यांत ही एक अट पावसाळ्यापूर्वी घालावी. जूनमध्ये चिखल झाल्यावर खिळे दिसत नाहीत.